उणे तीस

१

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात अकरा हॉटेलं आणि तीन लग्नाचे हॉल माझ्या देखभालीखाली आहेत. म्हणजे त्यांचं वायफाय. लोकांना वाटतं, माधवी मॅडमची मजा आहे, रोज एसीत बसून चहा. प्रत्यक्षात मी निम्मा दिवस स्टुलावर उभी राहून फॉल्स सीलिंगमध्ये डोकं खुपसून असते आणि केसांतून धूळ झाडत घरी येते.

तरी काम तसं सोपं आहे. दहातल्या नऊ तक्रारी एकाच उपायाने सुटतात. फोनमध्ये साठलेलं जुनं नेटवर्क काढून टाकायचं आणि नव्याने जोडायचं. पंधरा वर्षं मी हेच करतेय आणि पाहुणे मला डॉक्टर असल्यासारखे नमस्कार करतात. दहावी तक्रार असते ती वायरीची. उंदीर कुरतडतात.

त्या सोमवारी दुपारी कात्रपच्या हॉटेल मयूरबनमधून रिसेप्शनवरच्या अक्षयचा फोन आला.

"मॅडम, दोनशे सहावाले काका सकाळपासून तीनदा खाली आले. टॅबला वायफाय पकडत नाही बोलतात. मी सब करके देखा, नाही होत. येता का?"

"रीस्टार्ट केलास?"

"दोनदा. आणि मॅडम, जरा प्यार से हां. त्यांच्या घरी डेथ झालीय."

मी काय पाहुण्यांवर लाठी घेऊन जाते का, असं विचारायचं जिभेवर आलं होतं. पण अक्षयचा आवाज नेहमीसारखा उडाणटप्पू नव्हता, म्हणून गप्प बसले. बॅग उचलली आणि स्कूटर काढली. कात्रप माझ्या शिरगावच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

२

दोनशे सहाचं दार उघडंच होतं. आत दोन पलंग जोडून लावलेले, त्यांवरच्या चादरी हॉटेलच्या माणसाने घातल्या होत्या तशाच ताठ. सत्तरी ओलांडलेला एक माणूस खाली चटईवर भिंतीला टेकून बसला होता. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, अंगात बंडी, मांडीवर टॅब. एसी बंद, पंखा बंद. खोलीत तिळाच्या तेलाचा वास होता. गुडघ्यांना चोळत असतील, असं मी ठरवून टाकलं.

"ये बाय, बस," ते म्हणाले. "पलंगावर बस तू. आम्हाला सुतक हाय, आम्ही खालीच."

मीही खालीच बसले. टॅब पुढे करताना त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला, पाण्याने काठोकाठ भरलेलं तांब्या-भांडं द्यावं तसा.

"चित्र मधेच अडकतं. अडकला का माझा जीव वरखाली व्हतो. उद्या सकाळपर्यंत चालला पाहिजे, बाय. तेवढंच बघ. पुढं नाय चालला तरी चालंल."

पडद्यावर एक खोली दिसत होती. उंचावरून, कोपऱ्यातून, वायफाय कॅमेरे लावतात तशी. खिडकी बंद, अंधार. जमिनीवर तांदळाच्या पिठाची रास, तिच्यावर पितळेचा दिवा. ज्योत लहान होती पण स्थिर होती.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. नाव हरिचंद्र. राहायला उल्हासनगरला, कॅम्प नंबर एकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. त्यांची बायको सगुणाबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. मुलगी जिज्ञासा अंबरनाथच्या कंपनीत कामाला. आईवर लक्ष ठेवता यावं म्हणून तिनेच आतल्या खोलीत कॅमेरा बसवला होता. आठ दिवसांपूर्वी, रविवारी सगुणाबाई गेल्या. जिथे जीव गेला तिथे रीतीप्रमाणे दिवा लावला. तो दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो, आणि दिवसरात्र कुणीतरी जवळ असावं लागतं.

पाचव्या दिवशी बाजूच्या बिल्डिंगचा स्लॅब खचला. पालिकेची माणसं आली, यांचीही बिल्डिंग धोक्याची निघाली. तासाभरात सगळ्यांना खाली उतरवलं, वीज तोडली, गेटला सील ठोकलं.

"पुतण्याकडं जाणार व्हतो. पन त्याच्या पोरीची हळद आठ दिवसांवर. लग्नाच्या घरात सुतक कसं न्यायचं? त्यांचंबी बरोबर हाय. म्हणून पोरीनं इथं आणला."

"आणि दिवा?"

"दिवा तिथंच. शेवटच्या घडीला हिनं माझा हात धरला व्हता. बोलली, मना अंधारात ठेवू नको. लय भ्यायची अंधाराला. पहिल्यापासून. लाइट गेली का माझा सदरा धरून बसायची." ते टॅबकडे बघत होते. "मी बोललो, दहा दिवस तुझ्याजवळून हलणार नाय. आता हललो तर हाय. पन डोळा तर नाय ना हलवला."

चार दिवस हा माणूस चटईवर बसून एका दिव्याला डोळ्यांनी राखत होता. माझ्या आईच्या वेळेला चौथ्या दिवशी दुपारी अंबरनाथच्या एका हॉटेलातून तातडीचं बोलावणं आलं होतं. मी गेले. परत आले तर दिवा विझलेला. लाइटरने पुन्हा लावला आणि कुणाला काही बोलले नाही. पुढे काहीही झालं नाही. तीन वर्षांत काहीही नाही.

"नीट करून देते, काका," मी म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत अजिबात अडकणार नाही."

३

पहिली गोष्ट सेटिंग्ज. टॅबला वायफाय लागत नाही हे खोटंच निघालं. टॅब वायफायला जोडलेला होता आणि सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. फक्त ते हॉटेलचं वायफाय नव्हतं. नेटवर्कचं नाव होतं "आईचं घर".

"काका, हे कुणाचं?"

"आमचंच. घरचं. पोरीनं नाव घातलंय."

हसू आलं मला. घर तिकडे उल्हासनगरला, आपण बदलापुरात. मध्ये सगळं अंबरनाथ. घरातलं वायफाय शेजारच्या बिल्डिंगपर्यंत पोचलं तरी माणूस पेढे वाटेल. म्हणजे सरळ होतं. मुलीने स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला घरचंच नाव आणि पासवर्ड दिला असणार, म्हणजे टॅब आपोआप जोडला जातो. ही युक्ती मीच लोकांना शिकवते.

"जिज्ञासा कुठे आहे?"

"ती गेली अंबरनाथला. उद्याचं सामान आणायला. दर्भ, तीळ, काय काय लागतं ना. तास झाला."

"फोन घेऊन गेली?"

"फोनशिवाय जातात का तुमी पोरी?"

मी नेटवर्क काढून टाकलं. टॅबने हॉटेलचं नेटवर्क धरलं, खोली क्रमांक विचारणारं पान उघडायला लागलं, आणि मिटलं. पुन्हा "आईचं घर". पासवर्ड विचारला नाही. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढल्यावर हॉटेलचं नाव यादीतूनच गेलं आणि वर एकच नाव राहिलं.

साठवलेले पासवर्ड खात्यातून परत येतात. असं होतं. मी ते स्वतःशी दोनदा म्हटलं.

माझ्या फोनवर सिग्नल मोजायचं ॲप असतं. त्यात आकडा उणे येतो. उणे नव्वद म्हणजे सिग्नल कुठून तरी लांबून, मरत मरत येतोय. उणे साठ म्हणजे शेजारच्या खोलीतून. आणि उणे तीस आला तर समजायचं, यंत्र तुमच्या हातात आहे. मी फोन धरून खोलीभर फिरले. दाराशी उणे त्रेपन्न. बाथरूममध्ये उणे साठ. खिडकीशी उणे एक्कावन्न. काका बसले होते तिथे उणे पस्तीस.

त्यांच्या शेजारी चटईचा अर्धा भाग रिकामा होता. चटई दोघांची होती. तिथे फोन नेला आणि आकडा उणे तीसवर थांबला.

मी चटई उचलून पाहिली. खाली हॉटेलची पांढरी फरशी. पलंगाखाली पाहिलं, बॅगेत पाहिलं. कपडे, औषधांचा डबा, सगुणाबाईंचा चष्मा. राउटर कुठेही नव्हता.

"काय शोधतेस, बाय?"

"काही नाही. घरी इन्व्हर्टर आहे का हो?"

"हाय ना. मोठी बॅटरी हाय. हिच्या हवेच्या गादीसाठी घेतली व्हती."

जीव भांड्यात पडला. राउटर आणि कॅमेरा मिळून पंधरा वॉट खातात. मोठी बॅटरी असेल तर वीज तोडल्यावरही चार दिवस सहज निघतात. म्हणजे कॅमेरा खरंच चालू होता. दिवा दिसत होता तो खरंच दिसत होता. एवढ्यावर मी इतकी खूश झाले, की उल्हासनगरचा सिग्नल कात्रपच्या चटईवर कसा, हा प्रश्न मी बाजूला ठेवून दिला. तेलाचा प्रश्न तर मला सुचलाच नाही.

पक्कं करायचं म्हणून मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने गेले. गिऱ्हाइकाच्या नेटवर्कवर आधी स्वतःचा फोन जोडून बघायचा; दोष नेटवर्कचा की यंत्राचा ते कळतं. काकांनी पासवर्ड सांगितला. लग्नाची तारीख होती. मी तो घातला, कॅमेऱ्याचं ॲप माझ्या फोनवर घेतलं, त्यांच्या नावाने उघडलं. जोडलं गेलं. माझ्या हातात तीच खोली आली. टॅबपेक्षा स्पष्ट.

भिंतीवर घड्याळ होतं. त्यात तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावर तीन बावीस. सेकंदकाटा पळत होता.

४

उपाय एकच उरला होता, तो मी केला. टॅबची सगळी नेटवर्कची सेटिंग्ज पुसून पहिल्यासारखी केली, खात्याचा बॅकअप बंद केला, टॅब बंद करून चालू केला. यादीत आता फक्त हॉटेलचं नाव. जोडलं. खोली क्रमांक घातला, अक्षयने खालून ओटीपी सांगितला. हिरवी खूण आली. पंधरा वर्षांत त्या खुणेने मला कधी दगा दिला नव्हता.

"झालं, काका."

मी कॅमेऱ्याचं ॲप उघडून टॅब त्यांच्या हातात दिला.

पडद्यावर करडा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं: कॅमेरा बंद आहे. शेवटचं चित्र गुरुवार, सकाळी ११.५२.

काकांनी चष्मा काढला, बंडीला पुसला, पुन्हा लावला. त्यांना वाचता येत होतं. तरी त्यांनी मला विचारलं, "काय लिवलंय?"

मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं. तोच करडा चौकोन.

"मघापर्यंत व्हता की. मघाशी बघितला ना आपण दोघांनी?"

"हो, काका. एक मिनिट. थांबा."

मी पुन्हा सगळं तपासलं. हॉटेलचं नेट उत्तम चाललं होतं. त्यात काहीच खोट नव्हती. खोट काय ती करड्या चौकोनात, आणि तोही खरंच सांगत होता. कॅमेरा गुरुवारपासून बंद होता.

"इजला," काका म्हणाले. आवाज न चढवता. मग हाताने चटईचा रिकामा भाग चाचपला, आणि त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. माणूस रडायच्या आधी श्वास घेतो तेवढाच. तो मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यात दारात जिज्ञासा आली. तिशीची, हातात दोन पिशव्या, ओढणीने घाम पुसत. तिने आधी टॅब पाहिला, मग बापाचं तोंड, मग माझी बॅग.

"तुम्ही काय केलंत?"

"हॉटेलचं वायफाय जोडलं. काकांनीच..."

तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? ते जुनं चित्र होतं! अडकलेलं. गुरुवारी निघताना अडकलं ते. बाबांना वाटतंय दिवा चालू आहे, तर वाटू दे ना उद्यापर्यंत! म्हणून तर मी मुद्दाम हॉटेलचं नेट लावलं नाही."

"अडकलेलं नव्हतं. घड्याळ चालत होतं."

"कसं चालेल? लाइट तोडली ना बिल्डिंगची."

"इन्व्हर्टर..."

"बाबांना उतरवल्यावर इन्व्हर्टरही मी खाली आणवला, ताई. बॅटरी माझ्या गाडीच्या डिकीत आहे. या खाली, दाखवते." ती रडत होती आणि ते तिला कळत नव्हतं. "आणि दिव्यात दोन वाट्या तेल घातलं होतं मी. जास्तीत जास्त दुसऱ्या सकाळपर्यंत. चार दिवस कुठला दिवा जळतो?"

कॉरिडॉरमध्ये भर दुपारचं ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी टूं टूं करत होती.

५

आत काकांनी हाक मारली. जिज्ञासाला नाही, मला.

"बाय, इकडं ये. तू मघाशी तुझ्या फोनवर घेतलं व्हतं ना? त्याच्यात दिसते का बघ."

फोन माझ्या हातातच होता. जिज्ञासा माझ्याकडे बघत होती. मी जरा बाजूला वळून पडदा उघडला.

टॅबवरून मी ते नेटवर्क पुसलं होतं. फोनवरून पुसायचं राहिलं होतं. वर नाव होतं, "आईचं घर". उणे तीस.

खोली होती. दिवा जळत होता. घड्याळात तीन सत्तेचाळीस. आणि आता ज्योत हलत होती, जोरात, दार उघडल्यावर हलते तशी. मी बघत असताना डावीकडून एक हात आला. बारीक, सुरकुतलेला. मनगटात हिरव्या बांगड्या. त्या हाताने ज्योतीला आडोसा धरला.

वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आपण हात धरतो. तो हात कॅमेऱ्याच्या बाजूला होता. माझ्या बाजूला.

"दिसते का गं?" काकांनी विचारलं.

मला त्या वेळी एवढंच करायचं होतं, की फोन त्यांच्या ओंजळीत ठेवायचा आणि निघून यायचं. एका रात्रीचा प्रश्न होता. फोनशिवाय एक रात्र काढून मी मेले नसते. पण ती बॅटरी डिकीत होती, आणि मला त्या खोलीतून, त्या तेलाच्या वासातून बाहेर पडायचं होतं. बस. दुसरं काहीही कारण नव्हतं. नंतर मी पुष्कळ कारणं रचली.

"नाही, काका," मी म्हणाले. "इथेही बंद झालं."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "तुझी काय चूक नाय, बाय. तू तुझं काम केलंस."

जिन्यात उभी राहून मी फोनवरचं नेटवर्क काढून टाकलं. बोट टेकण्याआधी पडद्याकडे बघितलं नाही. खाली अक्षय म्हणाला, "झालं, मॅडम?" मी झालं म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जिज्ञासाचा फोन आला. नंबर तिने अक्षयकडून घेतला होता. मला वाटलं, भांडायला. ती म्हणाली, कावळा शिवला नाही.

नदीवर दोन तास थांबले सगळे. असं झालं की जवळचं माणूस पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतं, तुझं राहिलेलं मी करीन म्हणून. काका पुढे झालेच नाहीत. म्हणाले, एक शब्द दिला व्हता तो मोडला, आता कंच्या तोंडानं दुसरा देऊ? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"तुमचा काही दोष नाही, ताई," ती म्हणाली. "मी तेव्हा ओरडले म्हणून फोन केला. पण एक विचारू? घड्याळ खरंच चालत होतं?"

"मला तसं वाटलं. नजरेची चूक असेल."

हे माझं दुसरं खोटं.

गुरुवारी सकाळी कात्रपला मयूरबनमधूनच बोलावणं आलं. दोनशे सहा नाही, तिथे आता दुसरं कुणी होतं. खालच्या हॉलमध्ये कुणाच्याच फोनला नेट लागत नव्हतं. अक्षय म्हणाला, "मॅडम, हे बघा ना, सगळ्यांच्या लिस्टमध्ये वरती काय येतंय. 'आईचं घर.' कोण भावनिक माणूस आहे हा?" मी मोजलं. उणे अठ्ठ्याहत्तर. लांबून येत होतं. अर्ध्या तासात आपोआप गेलं.

शुक्रवारी रस्त्यापलीकडचं लॉज. उणे सत्तर. शनिवारी शिरगावच्या नाक्यावरचा लग्नाचा हॉल. उणे एकसष्ट. मालक म्हणाला, कुणीतरी मस्करी करतंय. मी हो म्हणाले. मी मनातल्या मनात रस्ता जोडत होते. मयूरबन, लॉज, हॉल. माझ्या स्कूटरचा रोजचा रस्ता होता तो, फक्त कुणीतरी तो पायी चाललं होतं. चाचपडत.

रविवारी दुपारी मी घरी होते. कुठूनही बोलावणं नव्हतं. जेवण झालं, भांडी विसळली. फोन ओट्यावर होता, त्याचा पडदा आपणहून उजळला. उणे त्रेचाळीस.

मी जोडलं नव्हतं. जोडलं गेलं होतं. कॅमेऱ्याचं ॲप मी सोमवारीच काढून टाकलं होतं, ते उघडलं होतं आणि त्यात खोली नव्हती. नुसता काळोख. बंद आहे असंही लिहिलं नव्हतं. आवाज मात्र येत होता. बांगड्यांचा. आणि तळहाताने भिंत थोपटत जावं तसा, थप, मग थोडं पुढे थप. लाइट गेल्यावर माणूस बटण शोधतं तसा.

मी म्हटलं, माधवी, हा जुना आवाज आहे. कुठेतरी साठलेला. आजारी बाईचा, दोन वर्षांतला कधीचाही. मी हे मोठ्याने म्हटलं.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट थांबली की एक बाई बोलते. कृपया दरवाजा बंद करें. तिला सगळे शिव्या घालतात, कारण दार नीट लागलं नाही तर ती दिवसभर बोलत राहते. त्या क्षणी ती बाहेर बोलली. दाराच्या फटीतून मला ऐकू आलं, कृपया दरवाजा बंद करें. आणि अर्ध्या सेकंदाने, ओट्यावरच्या फोनमधल्या त्या काळोखातून, थोडं घुमून, तेच पुन्हा ऐकू आलं.

उणे छत्तीस.

७

आईचा दिवा माळ्यावर होता. वर चढून काढला. तेल होतं, वात वळत बसले नाही, कापूस नुसताच पिळून टाकला. आतल्या खोलीत, आईचा पलंग होता त्या जागी, फरशीवर पीठ पसरलं, दिवा ठेवला आणि लाइटर दाबला. तोच लाइटर. तीन वेळा दाबावा लागला.

फोनमधला काळोख हळूहळू फिकट झाला. फरशी दिसली. माझी फरशी, तिच्यावर पडलेला इस्त्रीचा जुना डाग. पीठ, दिवा. माझा गुडघा. वरून, कोपऱ्यातून दिसत होतं. माझ्या घरात त्या कोपऱ्यात काहीही नाही, एक खिळासुद्धा नाही. मी वर बघितलं नाही. अजूनही बघत नाही.

थपथप थांबली. ज्योत सरळ झाली. मग पडद्यावर डावीकडून तो हात आला आणि त्याने ज्योतीला आडोसा धरला. मी फोनवरची नजर काढून दिव्याकडे पाहिलं. तिथे हात नव्हता. पण दिव्याचा उजेड एका बाजूला अडला होता.

त्याला आज सहा दिवस झाले. हॉटेलांचे फोन येतात. मॅडम, कधी येताय? मी म्हणते, घरी अडचण आहे, दुसरं कुणी बघा. किराणा दारात ठेवून जायला सांगते. उठून दारापर्यंत जाते तेवढ्यातही आतून बांगड्या वाजतात, आणि मी ओरडून सांगते, आले, आले, इथेच आहे. शेजारच्यांना काय वाटत असेल ते वाटो.

मला भीती वाटते का? वाटते. पण भीती वाटते म्हणून दिव्यापासून उठून जायचं नसतं, आणि हे मला त्या दिवशी दोनशे सहामध्ये कळायला हवं होतं.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. हरिचंद्रकाका होते. मुलीने भाड्याने खोली बघितली होती, अंबरनाथला. आवाज खोल गेलेला.

"बाय, तुला त्रास देतो. रागावू नको. तू त्यातली जाणकार, म्हणून विचारतो. कुठं दिसते का गं ती?"

मी दिव्यापाशी बसले होते. फोन कानाला होता, पण सिग्नल किती आहे ते बघायची गरज नव्हती.

"दिसते, काका."

पलीकडे जिज्ञासा काहीतरी विचारत होती, त्यांनी तिला गप्प केलं असावं.

"अंधारात हाय का?"

"नाही. दिवा आहे."

"एकटीच हाय?"

ज्योत जराशी हलली. मी डाव्या हाताने आडोसा धरला. हाताला शेजारी काहीतरी गार लागलं, पातळ, काचेचं. मी हात काढून घेतला नाही.

"नाही, काका," मी म्हणाले. "मी आहे तिच्याजवळ."

ते रडायला लागले. मी ऐकत राहिले. उजव्या हाताने तेलाची बाटली हलवून पाहिली. उद्या सकाळपर्यंतचं होतं.